केव्ही-२०

इजिप्तमध्ये लक्सॉरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावरील राजांच्या खोऱ्यात (‘किंग्ज व्हॅली’; त्यावरून ‘केव्ही’) कातळात खोदलेले अठराव्या राजवंशाचे थडगे. फेअरो (राजा) थटमोस पहिला आणि त्याची कन्या, राज्यकर्ती हत्शेपसूत (कारकीर्द सु. इ.स.पू. १४७९–१४५८) या दोघांच्या शवपेट्या येथे मिळाल्या. थडगे मुळात कोणासाठी खोदले, हा वाद मात्र मिटलेला नाही.

भुयार उजवीकडे वळत २०० मी.हून अधिक लांब आणि सु. ९७ मी. खोल उतरते. डोंगरापलीकडील देर अल-बहरी येथील हत्शेपसूतच्या मंदिराखाली दफनकक्ष आणण्याचा बेत असावा, असे म्हणतात. हा तर्कच समजावा. खाली चुनखडक संपून ठिसूळ शेल (पातळ थरांचा मातकट खडक) लागतो. त्यावर चित्रे काढणे अशक्य, म्हणून ‘अमदुआत’ हा परलोकग्रंथ चुनखडीच्या फरशांवर लाल-काळ्या शाईने लिहिलेला होता. अशा १५ फरशा सापडल्या.

जेम्स बर्टनने १८२४ मध्ये केलेला प्रयत्न अर्धवट राहिला. पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरने १९०३-०४ मध्ये धनिक थिओडोर डेव्हिसच्या खर्चाने भुयार मोकळे केले. पुराच्या पाण्याने राडारोडा दगडासारखा घट्ट झाला होता आणि उष्म्याने मजुरांच्या मेणबत्त्या वितळत. अखेर विजेचे दिवे व हवा खेचणारा पंप लावावा लागला.

थटमोसचा अधिकारी इनेनी याने ‘कोणी पाहत नसताना, कोणी ऐकत नसताना’ राजाचे थडगे खोदवून घेतल्याचे नोंदवले आहे. जागा सांगितलेली नाही. ते थडगे म्हणजे व्हिक्टर लोरे याला १८९९ मध्ये सापडलेले, याच खोऱ्यातील केव्ही-३८, असे पूर्वी मानत. परंतु तेथील शवपेटी थटमोस तिसऱ्याच्या काळातली, म्हणजे हत्शेपसूतच्या पेट्यांनंतरची आहे. त्यामुळे केव्ही-२० चा वरचा भाग थटमोस पहिल्याचा आणि तीन खांबांचा दफनकक्ष हत्शेपसूतची भर, हे अभ्यासक जॉन रोमरचे मत (१९७४) अधिक पटते. दाराशी पुरलेल्या पायाभरणीच्या वस्तूंवर हत्शेपसूतचे नाव आहे. त्या विस्ताराच्या वेळच्याही असू शकतील.

दोन्ही शवपेट्या क्वार्टझाइटच्या. त्यांपैकी एक हत्शेपसूतसाठी घडवून मग वडिलांच्या नावे केलेली. त्यांची लाकडी पेटी आत मावेना, तेव्हा आतला दगड डोक्या-पायांकडून तासून जागा केली. ही बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात, तर दुसरी कैरोत आहे. सापडल्या तेव्हा दोन्ही रिकाम्या होत्या.