भौगोलिक माहिती विज्ञान : कोल्हापूर परिसरातील पदव्युत्तर संशोधन

पृथ्वीवरील स्थानाशी बांधलेली माहिती कशी मोजावी, साठवावी, एकमेकींशी जोडावी आणि तिच्यात चूक किती आहे हे कसे ठरवावे, याचा अभ्यास करणारी ज्ञानशाखा. संगणकावर नकाशे तयार करणारी भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे रोजच्या बोलण्यातील ‘जीआयएस’, हे या शाखेचे साधन होय. कोल्हापूर परिसरात या विषयाचे पदव्युत्तर संशोधन मुख्यतः शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १८ नोव्हेंबर १९६२) कक्षेत होते. विद्यापीठाचे कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली व सातारा असे तीन जिल्ह्यांचे आहे. विषय भूगोलाचा मानला जात असला, तरी पर्यावरणशास्त्र, स्थापत्य अभियांत्रिकी, संगणकशास्त्र आणि कृषी या विद्याशाखांतील विद्यार्थीही त्याकडे वळतात.

संज्ञा व उगम : या शाखेचा आरंभ कोठून धरावा याबाबत एकमत नाही. काही अभ्यासक १८३२ मध्ये शार्ल पिके यांनी काढलेल्या पॅरिसच्या पटकीच्या (कॉलऱ्याच्या) नकाशापर्यंत मागे जातात. बहुतेक पाठ्यपुस्तके जॉन स्नो यांच्या लंडनमधील १८५४ च्या पटकीच्या नकाशापासून सुरुवात करतात. हे दोन्ही नकाशे स्थानाच्या आधाराने विचार करण्याचे उत्तम नमुने आहेत. मात्र त्यांत माहितीचे थर यंत्राने एकमेकांवर ठेवून तपासण्याची सोय नव्हती. त्या अर्थाने पहिली प्रणाली म्हणून १९६० च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कॅनडाच्या भौगोलिक माहिती प्रणालीकडे बोट दाखवणे अधिक योग्य ठरते. हार्वर्ड विद्यापीठातील हॉवर्ड फिशर यांची संगणक-आलेखन प्रयोगशाळा त्याच दशकातली. वॉल्डो टोबलर यांनी १९७० मध्ये मांडलेला नियम, म्हणजे सर्वच गोष्टींचा एकमेकींशी संबंध असतो पण जवळच्यांचा दूरच्यांपेक्षा अधिक असतो हा, पुढे या शाखेचा पहिला नियम म्हणून रूढ झाला.

‘प्रणाली’ऐवजी ‘विज्ञान’ हा शब्द भूगोलज्ञ मायकेल गुडचाइल्ड यांच्यामुळे स्थिरावला. १९९० मध्ये झुरिक येथील परिषदेत त्यांनी ही कल्पना बोलून दाखवली आणि १९९२ मधील लेखात ती सविस्तर मांडली. या विषयाच्या प्रमुख आंतरराष्ट्रीय नियतकालिकाने १९९७ मध्ये आपल्या नावातील ‘प्रणाली’ काढून ‘विज्ञान’ घातले. जीआयएस हे साधन की विज्ञान, हा वाद त्याच दशकात बराच रंगला. साधनवाद्यांचे म्हणणे असे की, नांगराचे जसे वेगळे शास्त्र नसते, शेतीचे असते, तसेच हेही. प्रस्तुत लेखकाला गुडचाइल्ड यांची बाजू अधिक पटते, आणि त्याची कारणे कोल्हापूरच्या उसाच्या शिवारात व पंचगंगेच्या काठावर सापडतात. ती पुढे येतील. फ्रेंच परंपरेतून आलेली ‘जिओमॅटिक्स’ ही संज्ञा सर्वेक्षणाकडे झुकते. गेट परीक्षेत २०२२ पासून आलेली प्रश्नपत्रिका याच नावाची आहे. भारतीय विद्यापीठांत ‘जिओइन्फर्मॅटिक्स’ अधिक चालते. मराठीत भूमाहितीशास्त्र, भू-माहिती तंत्रज्ञान, भौगोलिक माहिती विज्ञान असे तिन्ही शब्द आढळतात. विद्यार्थी मात्र ‘जीआयएसमध्ये पीएच.डी.’ असेच म्हणतात.

प्रवेश व अर्थसाहाय्य : पीएच.डी.ला विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे विनियम लागू आहेत. किमान कालावधी तीन वर्षे असतो आणि सुरुवातीला किमान १२ श्रेयांकांचे अभ्यासक्रमकार्य करावे लागते. एम.फिल. बंद झाले आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी मिळवलेल्यालाही आता थेट प्रवेशाची पात्रता आहे. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा व सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. विषय कितीही मोलाचा असला तरी मार्गदर्शकाकडे जागा आहे का, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा लागतो. नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये मिळतात. राज्य शासनाच्या बार्टी, सारथी व महाज्योती या संस्था आपापल्या लक्ष्यगटांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. राजर्षी शाहू महाराजांचे नाव असलेल्या ‘सारथी’चे उपकेंद्र कोल्हापुरातही आहे. प्रशिक्षणासाठी डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था (१९६६), नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि पवईच्या आयआयटीतील अभ्यास केंद्र यांचा आधार घेतला जातो. डेहराडूनचे दूरस्थ अभ्यासक्रम घरबसल्या करता येतात.

आधारभूत नकाशे व संदर्भपद्धती : कोल्हापुरात काम करणाऱ्याची पहिली गाठ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणावरील स्थलदर्शक नकाशाशी, म्हणजे टोपोशीटशी, पडते. विभागाच्या तक्ता-क्रमांकांत जिल्ह्याचा मोठा भाग ४७ एल या गटात येतो. ७४ अंश १५ मिनिटांची रेखावृत्ताची ओळ शहराच्या पूर्वेकडून जात असल्याने अंबाबाईचे मंदिर ४७ एल/२ वर आणि उजळाईवाडीचा विमानतळ ४७ एल/६ वर पडतो. दोन तक्ते जोडताना कडा जुळवण्याचा पहिला धडा विद्यार्थ्याला असा गावातच मिळतो.

जुने छापील तक्ते १८३० च्या एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या त्या काळी मानलेल्या आकारावर, आधारलेले आहेत, तर मोबाइलमधील स्थान डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक संदर्भावर मिळते. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. प्रचलित रूपांतर-मूल्ये घेऊन कोल्हापूरच्या अक्षांश-रेखांशांवर तो काढला, तर सुमारे दीडशे मीटर भरतो. रंकाळ्याच्या पूर्व काठावर उभे राहून टिपलेला बिंदू रूपांतर न करता जुन्या तक्त्यावर ठेवला, तर तो तळ्याच्या पाण्यात पडतो. ज्याने आपला बिंदू असा बुडताना एकदा पाहिला, तो पुन्हा कोणताही नकाशा संदर्भ न विचारता उघडत नाही. तक्ता जुळवताना पूल, रस्त्यांचे फाटे, तळ्याच्या बांधाचे कोपरे आणि किल्ल्याचे बुरूज यांसारख्या न हलणाऱ्या खुणा घ्याव्या लागतात. नदीचा काठ घेऊ नये, कारण तो सरकतो. मीटरमध्ये मोजमाप करायचे तर कोल्हापूर यूटीएम या मीटरमधील जागतिक नकाशा-जाळीच्या ४३ व्या पट्ट्यात येते. या पट्ट्याचे मध्य रेखावृत्त ७५ अंश पूर्व आहे.

नकाशे मिळणे पूर्वी अवघड होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी खुली तक्तामालिका निघाली आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांवरील पूर्वपरवानगीची बंधने बहुतांशी उठली. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा १९७२ पासूनचा चित्रसंग्रह २००८ मध्ये मोफत झाला. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रे आरंभापासूनच मोफत आहेत आणि इस्रोचे ‘भुवन’ हे नकाशांचे संकेतस्थळ २००९ पासून उपलब्ध आहे. क्यूजीआयएससारखी मुक्त आज्ञावली जमेस धरली, तर लहान गावातील महाविद्यालयातही प्रबंध उभा राहू शकतो. हा बदल फार मोठा आहे, कारण त्याआधी केवळ एका चित्राच्या किमतीवर अनेकांचे विषय अडत.

ऊस, गुंठा आणि पिक्सेल : मुंबई इलाख्यातील जुन्या मोजणीत ३३ फुटांची साखळी होती आणि ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. हे क्षेत्र १,०८९ चौरस फूट, म्हणजे १०१ चौरस मीटरांहून किंचित अधिक भरते. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या सूक्ष्म पट्ट्यांतील एक पिक्सेल दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मीटरांचा असतो. एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ एक गुंठा, असा हा योग आहे. वाटण्या होऊन उरलेली दहा गुंठ्यांची एखादी पट्टी पाहावी. ती २० मीटर रुंद व ५० मीटर लांब असेल आणि पिक्सेलची जाळी तिच्यावर नेमकी बसली, तरी दहाच्या दहा पिक्सेल एका तरी बाजूने बांधाला टेकतात. जाळी जराशी सरकली की त्यांत शेजाऱ्याचे पीक, बांधावरची शेवरी आणि पाणंद मिसळते. हा दोष आज्ञावलीचा नाही. मोजमापाचा एकक आणि मोजायची वस्तू आकाराने जवळ आली की काय होते, हा प्रश्न सैद्धांतिक आहे आणि ‘विज्ञान’ शब्दाचे समर्थन करायला तो पुरेसा आहे.

त्यात उसाचा हंगाम एक नाही. जुलै-ऑगस्टमधील आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीतील सुरू आणि तोडीनंतर फुटलेला खोडवा एकाच शिवारात शेजारी शेजारी उभे असतात. कोणत्याही एका तारखेचे चित्र घेतले, तर त्यात कोवळा कोंब, कांडी धरलेला ऊस आणि तोडून रिकामे झालेले रान एकदमच दिसते. वर्षभराची चित्रमालिका घेऊनच त्यांतला भेद करता येतो, आणि पावसाळ्यातील ढगांमुळे नेमकी वाढीच्या महिन्यांतील प्रकाशीय चित्रे हातची जातात. ती उणीव सेंटिनेल-१ च्या रडार चित्रांनी कितपत भरून निघते, यावर कष्टाळू विद्यार्थ्याला प्रबंध लिहिता येईल. लागणीची तारीख मात्र शेतकऱ्याकडूनच मिळते. गट नंबर घेऊन बांधावर जाण्याला पर्याय नाही.

शिरोळ व हातकणंगले तालुक्यांतील क्षारपड जमीन हा याला लागून असलेला विषय. अतिपाण्याने जमीन फुगते, क्षार वर येतात आणि उन्हाळ्यात पांढरा थर दिसू लागतो. मार्च ते मे या महिन्यांतील जुन्या लँडसॅट चित्रांवरून त्याचा प्रसार मागे जाऊन तपासता येतो. पिकाखाली झाकलेले क्षार दिसत नाहीत, त्यासाठी मातीची विद्युत्वाहकता मोजावी लागते.

महापूर : पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजले जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ व २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. २०१९ नंतर शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली. कारणांबाबत, विशेषतः अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाटा किती, याबाबत तीव्र मतभेद आहेत. त्याचे उत्तर केवळ नकाशावरून निघणारे नाही. अतिवृष्टीचे प्रमाण, धरणांतील विसर्ग आणि पूरक्षेत्रातील भराव व बांधकामे यांचा वाटा वेगवेगळा काढल्याशिवाय एकाच कारणावर बोट ठेवणे घाईचे होईल.

संशोधकाने एक साधी वजाबाकी ध्यानात ठेवावी. इशारा आणि धोका यांत चार फुटांचे, म्हणजे सुमारे सव्वा मीटरचे अंतर आहे. फेब्रुवारी २००० मधील अंतराळयानाच्या मोहिमेतून मिळालेले मोफत उंची-प्रतिमान ३० मीटरच्या चौकटीत आहे आणि त्यातील उंचीची चूक काही मीटरांची असू शकते. दाट घरे आणि उंच झाडी असलेल्या भागात ते जमिनीऐवजी छपराची वा शेंड्याची उंची धरते. अशा प्रतिमानावर सुतारवाड्यात किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी कोणत्या दारापर्यंत येईल हे दाखवणारा रंगीत नकाशा काढणे धोक्याचे आहे. लोक त्यावर विश्वास ठेवून घर सोडायचे की नाही ते ठरवतात. नदीकाठी आखल्या जाणाऱ्या पूररेषांपैकी निळ्या रेषेला साधारण २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषेला १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा आधार असतो. त्या रेषांच्या आतबाहेर पडणारी घरे पाहता सेंटिमीटरमध्ये मोजलेल्या उंचीची गरज पटते.

अशा मोजणीची साधने आता हाताशी आहेत. भिंतीवरील पुराच्या खुणेजवळ रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून अचूक स्थान देणारे यंत्र, उभा करून किंवा जवळच्या तलचिन्हापासून (उंची आधीच मोजलेल्या खुणेपासून) पातळी आणून उंची घेता येते. घरातील जाणत्या माणसांना ‘पाणी कुठवर आलं होतं?’ असे विचारले, तर ती पायरी, उंबरा, खिडकीची चौकट अशा मापात सांगतात. दोन पुरांची मापे एकमेकांत मिसळत नाहीत ना, एवढे तपासून घ्यावे. नरसोबावाडीचा दक्षिणद्वार सोहळाही असाच उपयोगी आहे. कृष्णेचे पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडते तेव्हा हा सोहळा होतो. भाविकांच्या दृष्टीने ते पर्वस्नान आहे. संशोधकासाठी ती ठरावीक उंचीवर पाणी पोहोचल्याची तारखेनिशी मिळणारी नोंद आहे. वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांतून या तारखा जमवता येतील. पुराचा विस्तार पाहण्यासाठी रडार चित्रे सर्वांत भरवशाची, कारण ढगांतूनही ती मिळतात. मात्र उपग्रह जाण्याची वेळ आणि पुराचा कळस क्वचितच जुळतात, आणि उंच उसाखाली साचलेले पाणी रडारलाही सहज दिसत नाही.

घाटमाथा : गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक, तर शिरोळला पाचशेच्या आसपास पाऊस पडतो, सरळ रेषेत हे अंतर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरांचे आहे. पावसाच्या इतक्या तीव्र उतारावर टोबलरचा नियम जपून लावावा लागतो. दोन पर्जन्यमापकांमध्ये डोंगराची धार आली की सरासरी फसते. जांभ्याचे सडे, मसाई पठार, बॉक्साइटच्या खाणी आणि २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलेले राधानगरी अभयारण्य हे विषय भूगोलापेक्षा वनस्पतिशास्त्राच्या संशोधकांनी अधिक हाताळले आहेत.

इतर क्षेत्रे : पन्हाळा २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या वारसा-मालिकेत समाविष्ट झाल्यावर किल्ल्यावरून दिसणाऱ्या प्रदेशाच्या, म्हणजे दृष्टिक्षेत्राच्या, अभ्यासाला निमित्त मिळाले आहे. संस्थानकाळातील जमिनीची कागदपत्रे कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी लिपीत आहेत. त्यांतील शेतांची नावे आणि चतुःसीमा आजच्या गावनकाशावर बसवण्यासाठी मोडी वाचता येणे आवश्यक आहे.