जस्ताला धरणारी औषधं

आपल्या लाल रक्तपेशींत कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारं प्रथिन असतं. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून बायकार्बोनेट बनवणं हे त्याचं काम. त्याचा सर्वांत चपळ प्रकार ही क्रिया सेकंदाला सुमारे १० लाख वेळा उरकतो, आणि या वेगामागे आहे जस्ताचा एकच अणू.

एन्झाइमच्या साखळीतल्या तीन हिस्टिडिन अमिनो आम्लांच्या नायट्रोजननी तो अणू खोलगट पोकळीच्या तळाशी धरून ठेवलेला असतो. चौथ्या जागी पाण्याचा रेणू. जस्तावर दोन धनभार असल्यामुळे ते पाण्याचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतं. एरवी पाणी आपला प्रोटॉन सहजासहजी सोडत नाही, इथे मात्र ७च्या आसपासच्या पीएचलाच सोडतं. मागे उरलेला हायड्रॉक्साइड जवळ आलेल्या कार्बन डायऑक्साइडवर तुटून पडतो.

हे एन्झाइम थोपवायचं, तर ती चौथी जागा अडवायला हवी. सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचं औषध नेमकं हे एन्झाइम रोखतं, हे मान आणि केलिन या संशोधकांनी १९४० मध्येच दाखवलं होतं. त्याच्या रेणूतल्या सल्फोनामाइड गटाचा नायट्रोजन एक प्रोटॉन गमावतो, ऋणभारित होतो आणि हायड्रॉक्साइडला हुसकावून थेट जस्ताला जोडला जातो. त्यावर उरलेला एकमेव हायड्रोजन शेजारच्या थ्रिओनिन या अमिनो आम्लाच्या ऑक्सिजनशी बंध जुळवतो. मला यातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. त्या थ्रिओनिनचा स्वतःचा हायड्रोजन आधीच ग्लुटामेट या दुसऱ्या अमिनो आम्लाकडे वळलेला असतो, म्हणून थ्रिओनिनचा ऑक्सिजन हायड्रोजन घेऊ शकतो, देऊ शकत नाही. जस्तापाशी येणाऱ्या रेणूकडे देण्याजोगा हायड्रोजन नसेल, तर ही जागा त्याला सहसा मानवत नाही.

याच तत्त्वावर अ‍ॅसिटाझोलामाइड हे काचबिंदूवरचं औषध चालतं: डोळ्यांत द्रव तयार होण्यात याच एन्झाइमचा हात असतो, आणि ते रोखलं की दाब कमी होतो. पण कार्बोनिक अनहायड्रेज मूत्रपिंडातही आहे, इतर अवयवांतही आहे. गोळी घेतली की डोळ्यांतला दाब उतरतो, तशा हातापायांना मुंग्याही येतात. पुढे एन्झाइमची क्ष-किरणांनी उलगडलेली रचना समोर ठेवून डोर्झोलामाइड घडवलं गेलं, आणि तेच काम डोळ्यांत टाकायच्या थेंबांनी होऊ लागलं.

मग जस्ताला जास्तीत जास्त घट्ट धरणारा गट शोधला की झालं का? नाही. हायड्रॉक्सामिक आम्ल दोन ऑक्सिजननी एकदम जस्ताला पकडतं. कर्करोगासाठी बनवलेल्या मॅरिमास्टॅटमध्ये हाच गट होता. पण ते एकाच कुळातली अनेक जस्त-एन्झाइमं सरसकट थोपवत होतं. चाचण्यांत रुग्णांचे सांधे आणि स्नायू दुखू लागले आणि औषध बाजारात आलंच नाही.

रक्तदाबावरच्या औषधांत याची उलट बाजू दिसते. १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं कॅप्टोप्रिल रक्तदाब वाढवण्यात हात असलेल्या एसीई या एन्झाइमच्या जस्ताला गंधकाने धरतं. पकड उत्तम, पण काही रुग्णांच्या अंगावर पुरळ उठे, तोंडाची चव जाई, आणि संशय त्या गंधकाच्या गटावरच होता. म्हणून एनालाप्रिल घडवताना तिथे कार्बॉक्सिल गट घेतला. जस्ताला धरण्यात तो गंधकापेक्षा दुबळा. ती उणीव भरून काढायला रेणूला आणखी एक बाजू जोडली, एन्झाइमच्या मोकळ्या खळग्यात चपखल बसणारी. शरीरात एनालाप्रिलपासून जे क्रियाशील रूप तयार होतं, ते कॅप्टोप्रिलपेक्षाही घट्ट बसतं.