दार लावून बसलेली कोळीण

रुपयाच्या नाण्याएवढी एक चकती. वर शेवाळाचा पापुद्रा, थोडी मुरमाड माती, एक वाळकी काडी. नागपूरच्या बाहेर, काटोल रोडकडच्या एका नाल्याच्या काठापुढे मी दहा मिनिटं उकिडवा बसलो होतो आणि मला त्या काठावर मातीशिवाय काहीच दिसत नव्हतं. कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या मित्राने चिमट्याच्या टोकाने ती चकती किंचित उचलली. खाली पांढऱ्या रेशमाचं अस्तर दिसलं, आणि पुढच्याच क्षणी चकती खाडकन बंद झाली. आतून कुणीतरी दार ओढून घेतलं होतं.

"हात नको लावू बे," मित्र म्हणाला. "घरी आहे ती."

ती म्हणजे झडपी कोळीण. इंग्रजीत यांना ट्रॅपडोअर म्हणतात. आपल्याकडे कोळी म्हटलं की छताच्या कोपऱ्यातली जळमटं आठवतात. माझ्या आजीच्या तोंडी त्या प्राण्याचं नाव कांतीण होतं, सूत कातणारी. ही कोळीणही सूत कातते, पण जाळं विणत नाही. ती जमिनीत बीळ खणते, त्याला आतून रेशमाचा गिलावा करते आणि तोंडावर माती-रेशमाचं झाकण बसवते. झाकणाला रेशमाचीच बिजागरी असते. रात्री ते केसभर उघडं ठेवून ती पुढचे पाय उंबऱ्याला लावून बसते. मुंगी किंवा किडा जवळून गेला की त्याची थरथर पायांना कळते. मग झडप, भक्ष्य आत, दार बंद.

अशा कोळ्यांना शास्त्रज्ञ 'आदिम' म्हणतात. या शब्दाने गैरसमज होतो, कारण आदिम म्हणजे मागासलेला असं आपण धरून चालतो. इथे त्याचा अर्थ एवढाच की यांच्या शरीराची घडण फार जुनी आहे आणि ती त्यांनी बदललेली नाही. खूण जबड्यात सापडते. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी समोरासमोर आणून चिमटीसारखे मिटा: घरातल्या कोळ्याचे विषदंत असे चालतात. आता दोन्ही तर्जन्या वाकवून शेजारीशेजारी धरा आणि वरून खाली मारा, कुदळीसारख्या. झडपी कोळ्याचे दात हे असे. चिमटी हवेतल्या जाळ्यावर लटकूनही चालते. कुदळीला खाली घट्ट जमीन लागते. दुसरी खूण पोटाखाली. घरातल्या बहुतेक कोळ्यांना पुस्तकाच्या पानांसारख्या थरांच्या फुप्फुसांची एक जोडी असते, यांना दोन. जगात कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक प्रजातींची नोंद झाली आहे आणि त्यातल्या बहुसंख्य चिमटीवाल्या आहेत. कुदळवाले त्यांच्यापुढे मूठभर. पण त्यांचे जीवाश्म सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात सापडले आहेत, म्हणजे तेव्हा डायनासोरांचं राज्य अजून सुरूही व्हायचं होतं.

नागपूरच्या उन्हाळ्यात ही बया कशी तगते, हा प्रश्न मला नवतपाच्या दिवसांत नेहमी पडतो. वर पारा ४५ च्या पुढे, डांबर पायाला चिकटतंय, आणि हिच्याकडे ना कूलर ना वाळ्याच्या ताट्या. उत्तर बिळातच आहे. वीतभर खाली मातीचं तापमान दिवसरात्र फारसं हलत नाही. झाकण आणि अस्तर मिळून आतला ओलावा धरून ठेवतात. आणि ओलाव्यावाचून कोळ्याचं चालतच नाही, कारण तो पाय लांब करतो ते स्नायूंनी नव्हे, अंगातल्या द्रवाच्या दाबाने. मेलेला कोळी पाय आत गोळा करून पडलेला दिसतो, त्याचं कारण हेच: दाब गेला की पाय मिटतात.

आता नवी प्रजाती ठरते कशी, त्याकडे. वर्तमानपत्रात 'कोळ्याच्या नव्या प्रजातीचा शोध' अशी बातमी आली की वाटतं, कुणाला तरी दगडाखाली काहीतरी दिसलं आणि काम झालं. प्रत्यक्षात दिसणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. कोळीण तिथे पिढ्यान्‌पिढ्या बसलेलीच असते. ती वेगळी आहे हे सिद्ध करणं, यात वर्षं जातात.

पहिली अडचण नवराबायकोची. मादी जन्मभर बिळाबाहेर पडत नाही. नर मात्र वयात आला की पावसाळ्याच्या आसपास बीळ सोडतो, मादी शोधत हिंडतो आणि काही आठवड्यांत मरतो. नर बारीक, लांब पायांचा, गडद. मादी ठेंगणी, भारदस्त. दोघांना शेजारी ठेवलं तर एकाच घरातले आहेत असं कुणी म्हणणार नाही. कोळ्यांच्या इतिहासात नर एका नावाने आणि मादी दुसऱ्या नावाने नोंदवल्याची उदाहरणं आहेत. कोवळ्या पिल्लांवरून तर काही सांगताच येत नाही.

दुसरी अडचण अशी की वरून सगळ्या सारख्याच दिसतात. तपकिरी, चकचकीत, आखूड पायांच्या. मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजमाप सुरू होतं. पायाचा प्रत्येक सांधा मिलिमीटरच्या अंशात. जबड्याच्या टोकाला माती उकरायचे जाड काटे असतात, छोटा दाताळाच म्हणा. त्यांची संख्या आणि ओळ. आठ डोळ्यांची मांडणी. शेवटचा निवाडा मात्र जननेंद्रियांवर होतो. मादीच्या पोटातल्या वीर्य साठवायच्या पिशव्या विच्छेदन करून बाहेर काढतात, भोवतीची चरबी रसायनाने विरघळवतात आणि त्यांचा आकार कागदावर उतरवतात. नराच्या तोंडापाशी पायासारखे दोन अवयव असतात, त्यांच्या टोकाला वीर्य वाहून नेणारा फुगा असतो, आणि त्या फुग्याची सोंड किती वळलेली हे पाहतात. हल्ली याला डीएनएची जोड मिळते. त्यासाठी एक पाय वेगळा काढून अल्कोहोलमध्ये ठेवतात.

एवढं झाल्यावर शोधनिबंध. ज्या नमुन्यावर नाव उभं राहतं तो मान्यताप्राप्त संग्रहालयात जमा करावा लागतो, म्हणजे शंका आली तर पन्नास वर्षांनीही कुणी तीच बाटली उघडून तपासू शकतो. नावांचे नियमही आहेत, आणि त्यात एक मजा आहे. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची गणती १७५८ पासून, लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाच्या ग्रंथापासून धरतात. पण क्लर्क नावाच्या त्याच्याच देशबांधवाचं कोळ्यांवरचं पुस्तक १७५७ सालीच निघालं होतं. नियमावलीने खास अपवाद करून त्यातली नावं ग्राह्य धरली. त्यामुळे प्राण्यांच्या वैध नावांत सगळ्यात ज्येष्ठ नावं कोळ्यांची आहेत. कोळीवाले हे सांगताना हमखास कॉलर ताठ करतात.

विदर्भालाही या नावांत वाटा मिळाला आहे. २०२० साली भारतातून वर्णन झालेल्या एका झडपी कोळ्याचं नाव इडिओप्स वानखेडे आहे. अमरावतीत राहून कोळ्यांच्या अभ्यासाचं बस्तान बसवणारे डॉ. वानखेडे या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक.

यातला 'इडिओप्स' हा शब्द मला जास्त गुंतवून ठेवतो. या कुळातल्या कोळ्यांचे दोन डोळे बाकीच्या सहांना सोडून पार पुढे, जबड्याच्या कडेशी आलेले असतात. त्यावरून 'विचित्र डोळ्यांचा' असं हे ग्रीक नाव पडलं. ते पहिल्यांदा वापरलं गेलं १८३३ मध्ये, आणि ब्राझीलमधल्या कोळ्यासाठी. आफ्रिकेतही हे कुळ आहे. ब्राझील, आफ्रिका आणि भारत. ज्या प्राण्याची मादी हातभर दूर जात नाही, तो तीन खंडांवर पोचला कसा? सरळ उत्तर असं की तो गेला नाही, जमीनच त्याला घेऊन गेली. हे तिन्ही भूभाग कधीकाळी एकाच महाखंडात होते. त्या महाखंडाचं नाव गोंडवन, म्हणजे गोंडांचा प्रदेश. आणि आपलं नागपूर वसवलं ते गोंड राजा बख्त बुलंद शाहने. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्याची पूर्वेकडची कड आपल्याच शहरापाशी येते. सीताबर्डीची टेकडी त्याच काळ्या दगडाची. त्या आगीतून यांचे पूर्वज कुठल्या कोपऱ्यात वाचले असतील, याचा विचार करत मी पुन्हा त्या काठाकडे बघितलं.

मित्र मोजत होता. एका हातभर पट्ट्यात त्याला सात दारं दिसली: एक नाण्याएवढं, बाकीची मसूर-हरभऱ्याएवढी. बरीचशी पिल्लं आईपासून दूर न जाता आसपासच घर करतात आणि वाढतील तसं दार रुंदावत जातात. म्हणून एखादी प्रजाती म्हणजे कधीकधी मोजके काठ, एखादी टेकडी, इतकंच. जेसीबीला अशा काठासाठी अर्धी दुपार पुरते.

माणसाने हात लावला नाही तर या कोळिणी किती जगतात? ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेने १९७४ मध्ये एका राखीव जंगलातल्या बिळांवर खुणा करायला सुरुवात केली. त्यातली सोळा क्रमांकाची मादी एकाच बिळात ४३ वर्षं राहिली. २०१६ मध्ये तिच्या झाकणाला भोक पडलेलं आढळलं. म्हातारपणाने नव्हे, कोळ्यांची शिकार करणाऱ्या गांधीलमाशीने तिचा शेवट केला होता.

"ही किती वर्षांची असेल?" मी विचारलं.

"आपल्या दोघांच्या मुलांपेक्षा मोठी असू शकते," तो म्हणाला आणि वहीत जागेची नोंद करू लागला. मी फोटोसाठी मोबाईल काढला, कॅमेरा सुरू करायला क्षणभर मान खाली घातली. वर बघितलं तर काठ होता, शेवाळ होतं, काड्या होत्या. दार कुठलं, ते मला पुन्हा सापडलं नाही.