उपाशी मासा, तरीही गळाला

स्कॉटलंडमधली टे नदी, ७ ऑक्टोबर १९२२ची संध्याकाळ. जॉर्जिना बॅलंटाइन वडिलांबरोबर होडीतून गळ टाकत होत्या. मासा लागला, आणि पुढची दोन तासांची ओढाताण अंधार पडल्यावरच संपली. वजन भरलं ६४ पौंड, म्हणजे २९ किलो. गळाने पकडलेल्या सॅमनचा ब्रिटनमधला हा विक्रम आजही कायम आहे. मला मात्र वजनापेक्षा जास्त नवल वाटतं ते याचं की, नदीत आलेला सॅमन काही खातच नाही.

(आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण त्याचं या माशाशी नातं नाही.)

अटलांटिक सॅमन नदीत जन्मतो, बहुधा दोन-तीन वर्षांनी समुद्रात उतरतो, पार ग्रीनलँडपर्यंत जाऊन खाऊन-पिऊन पोसतो आणि विणीसाठी आपल्याच नदीत परततो. नदीची ओळख पटते ती वासावरून. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आर्थर हॅसलर यांनी १९५०च्या दशकात प्रशांत महासागरातल्या कोहो सॅमनवर हे तपासलं. नदीच्या दोन फाट्यांतून मासे पकडून, काहींच्या नाकपुड्या बुजवून, त्यांनी ते संगमाच्या खाली सोडले. नाक मोकळं असलेले बहुतेक मासे आपापल्या फाट्यात गेले. नाक बंद असलेले वाट फुटेल तिकडे.

गोड्या पाण्यात शिरल्यावर सॅमनचं खाणं थांबतं आणि पचनसंस्था आक्रसू लागते. फेब्रुवारीत नदीत आलेला मासा नोव्हेंबरात विणतो, तोवर पोहणं आणि गाभोळी वाढवणं हे सगळं समुद्रात साठवलेल्या चरबीवर चालतं. मग गळाला बांधलेल्या पिसं-दोऱ्याच्या खोट्या माशीवर तो झडप का घालतो? कुणी म्हणतं, लहानपणी याच नदीत किडे टिपायची लागलेली सवय उसळते. कुणी म्हणतं, आपल्या जागेत कुणी घुसल्याचा राग. मला पहिलं जास्त पटतं, पण वाद मिटलेला नाही.

सॅमनचाच नातलग असलेल्या ट्राउटचं तसं नाही. तो खरोखर भुकेला असतो. दगडाआड, संथ पाण्यात थांबून प्रवाहातून वाहत येणारे किडे तो टिपतो. त्याला पकडायचं तर प्रकाशशास्त्र कळायला हवं. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या गोल खिडकीत दाटलेलं दिसतं. काठाला उभा माणूस त्या खिडकीच्या कडेला दिसतो. वाकला, गुडघ्यावर बसला की जवळजवळ नाहीसा होतो. काश्मीरच्या लिद्दर नदीवर ट्राउट धरणारेही असेच वाकून काठाशी येतात. तिथला ब्राउन ट्राउट मूळचा युरोपचा, १९००च्या सुमारास त्याची अंडी जहाजाने आणली गेली.

आज स्कॉटलंडमध्ये गळाला लागलेले ९० टक्क्यांहून अधिक सॅमन परत सोडले जातात, कारण समुद्रातून परतणारेच कमी झालेत. पण नुसतं सोडून भागत नाही. झुंजीत स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं, आणि पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं असेल तर त्यात प्राणवायूही कमी असतो. म्हणून जाणकार अशा दिवशी गळ टाकतच नाहीत. इतर दिवशी मासा पाण्याबाहेर न काढता गळ सोडवतात, त्याचं तोंड प्रवाहाकडे करून हलक्या हाताने धरतात आणि कल्ले नीट हलू लागेपर्यंत थांबतात. मग मासा शेपटीचा फटकारा मारून स्वतःच हातातून सुटतो.