रीमक्स की री-एन्कोड? क्वालिटी गेली का, हे तपासायचं कसं

एमकेव्ही फाइलची एमपी४ केली, असं सांगितलं की जाणकार माणूस लगेच विचारतो, "कन्व्हर्ट केलीस की रीमक्स?" त्याला फरक ठाऊक असतो. आपल्याला मात्र दोन्ही सारखंच वाटतं, कारण आपल्यासमोर घडतं ते सारखंच: फाइलच्या नावामागची शेवटची अक्षरं बदलतात.

एमकेव्ही, एमपी४, टीएस, एमओव्ही हे सगळे कंटेनर. पुस्तकाच्या भाषेत पुठ्ठा, शिवण आणि अनुक्रमणिका. पानं वेगळी, एच.२६४, एचईव्हीसी, एव्ही१ यांसारख्या कोडेकने दाबून ठेवलेलं चित्र म्हणजे ती पानं. रीमक्समध्ये शिवण उसवून तीच पानं नव्या पुठ्ठ्यात बांधली जातात, पानावर काय लिहिलंय हे कोणी वाचतही नाही. री-एन्कोडमध्ये प्रत्येक फ्रेम उलगडते आणि नव्याने दाबली जाते. दाबताना थोडं काहीतरी टाकून दिलं जातंच. झेरॉक्सची झेरॉक्स म्हणा. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारा डेटा, वाढवून ठेवला म्हणून आधी गेलेलं परत येत नाही, फाइल फुगते एवढंच.

काय चाललंय याचा पहिला अंदाज वेळेवरून येतो. दोन तासांचा सिनेमा मिनिटाभरात तयार झाला आणि पंखाही घरघरला नाही, तर ती बहुधा कॉपीच. पण एफएफएमपेग (कमांड लिहून चालवायचं व्हिडिओचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर अंदाज कशाला, ते स्वतःच सांगतं. काम सुरू होताना कोणती स्ट्रीम, म्हणजे चित्राचा किंवा आवाजाचा कोणता प्रवाह, कुठे चालली आहे ते छापून येतं. त्या ओळीच्या शेवटी 'कॉपी' असेल तर रीमक्स; 'एच२६४ ते लिबएक्स२६४' असं काही दिसलं तर चित्र नव्याने दाबलं जातंय. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. कमांडमध्ये 'सी कॉपी' लिहायला विसरलात तर एफएफएमपेग तक्रार न करता री-एन्कोड करतं, एमपी४साठी सहसा एक्स२६४ हा एच.२६४ चा एन्कोडर वापरून, सीआरएफ (किती दाबायचं ते ठरवणारा आकडा) २३ वर. फाइल चालते, बरी दिसते, आणि आपण ती रीमक्स समजून मूळ फाइल पुसून टाकतो. फक्त चित्रासाठी कॉपी सांगितलं तर ऑडिओ गुपचूप री-एन्कोड होतो, तो आणखी वेगळा. एमकेव्हीटूलनिक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही भीती नाही, ते रीमक्सच करतं. हँडब्रेक हे सॉफ्टवेअर मात्र चित्र नेहमी री-एन्कोडच करतं.

आता झालेल्या फाइलची तपासणी. आकारावर विसंबू नका. टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली एक टीएस फाइल मी पहिल्यांदा एमकेव्हीत नेली तेव्हा ती चांगलीच हलकी झाली, आणि क्वालिटी गेली म्हणून मी हळहळत बसलो. गेलं काहीच नव्हतं. टीएसमध्ये सगळा माल १८८ बाइटच्या पाकिटांत भरतात, प्रत्येक पाकिटाचे किमान ४ बाइट नुसत्या मथळ्यात जातात, शिवाय भरताड म्हणून रिकामी पाकिटं. एमकेव्हीने तेवढी रद्दी काढली होती.

अख्ख्या फाइलचा एमडी५ हॅश, म्हणजे डेटावरून काढलेला ठसा, काढूनही उपयोग नाही. पुठ्ठा बदलला की तो बदलणारच. हॅश काढायचा तो आतल्या फ्रेम्सचा. एफएफएमपेगमध्ये त्यासाठी 'फ्रेमएमडी५' नावाचा आउटपुट आहे. दोन्ही फाइल्स त्यातून काढल्या की प्रत्येक फ्रेमची एक ओळ मिळते: वेळ, कालावधी, आकार आणि शेवटी हॅश. १९२० बाय १०८० च्या साध्या ८ बिट व्हिडिओत आकाराच्या रकान्यात ओळीमागून ओळ ३११०४०० हाच आकडा येतो, कारण तो उलगडलेल्या फ्रेमचा आकार आहे. नजर ठेवायची ती शेवटच्या रकान्यावर. तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जुळला, की विषय संपला.

वेळेचे रकाने जुळले नाहीत तर घाबरू नका. एमकेव्ही सहसा वेळ पूर्ण मिलिसेकंदांत लिहितं. सेकंदाला २३.९७६ फ्रेम्स असतील तर एक फ्रेम ४१.७०८ मिलिसेकंदांची, म्हणून तिथे कधी ४२ तर कधी ४१ दिसतं. पानं तीच, पृष्ठक्रमांक थोडे गोल केलेले.

फ्रेम्स न उलगडता, दाबलेल्याच डेटाचा हॅश काढता येतो आणि तो झटपट होतो. पण टीएसमधून एमपी४मध्ये जाताना एच.२६४ चे तुकडे वेगळ्या पद्धतीने मांडले जातात: टीएसमध्ये प्रत्येक तुकड्याआधी सुरुवातीची खूण, एमपी४मध्ये त्याची लांबी. मग चित्र तेच असूनही हा हॅश जुळत नाही. म्हणून मला तरी उलगडून काढलेला हॅशच बरा वाटतो, वेळ लागला तरी चालेल. दोन चित्रं किती सारखी आहेत हे आकड्यात सांगणारी मापंही आहेत: पीएसएनआर मोजलात तर तंतोतंत सारख्या चित्राला अनंत मिळतं, एसएसआयएमला १. व्हीमॅफ या तिसऱ्या मापाच्या वाटेला या कामासाठी जाऊ नका, त्यात फाइल स्वतःशीच ताडून पाहिली तरी पूर्ण १०० येतीलच असं नाही.

आणि तरीही कधीकधी रीमक्स केलेली फाइल खरोखर वेगळी दिसते. रंग फिके वाटतात, चित्र ताणल्यासारखं दिसतं. रंगाची किंवा गुणोत्तराची माहिती काही वेळा पुठ्ठ्यावरच लिहिलेली असते. ती नव्या पुठ्ठ्यावर उतरली नाही की प्लेअर आपल्या मनाने अंदाज बांधतो. फोनवर उभा धरून काढलेला व्हिडिओ आडवा होतो तोही याच कारणाने: फ्रेम्स आत आडव्याच असतात आणि 'फिरवून दाखव' ही सूचना बाहेर. यात एक गंमत आहे. एफएफएमपेग उलगडताना ती सूचना पाळून फ्रेम फिरवतं, त्यामुळे सूचना हरवली की हॅशही वेगळा येतो. अशा वेळी 'नोऑटोरोटेट' हा पर्याय दोन्ही फाइल्सना लावून पुन्हा बघा, हॅश जुळतील.

चित्राबाहेरचंही एकदा मोजून घ्यावं. 'मॅप ०' सांगितलं नाही तर एफएफएमपेग एकच व्हिडिओ आणि एकच ऑडिओ उचलतं. दुसऱ्या भाषेचा ऑडिओ मूळ फाइलमध्येच राहून जातो आणि फ्रेम्सचे हॅश मात्र शेवटच्या ओळीपर्यंत जुळत असतात.