इंदूर पायी पाहणारा साहेब

राजवाडा, सराफा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या हा भाग पायीच पाहा, असं आपण इंदूरला आलेल्या पाहुण्यांना सांगतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका परक्यानं हे परकं शहर असंच पाहिलं, तेही दरबारच्या कामासाठी.

पॅट्रिक गेडिस हे मूळचे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ. १८७९ मध्ये मेक्सिकोत काही काळ त्यांची दृष्टी गेली. पुढे सूक्ष्मदर्शकावर काम करणं अवघड झालं आणि त्यांचं लक्ष शहरांकडे वळलं. लग्नानंतर ते एडिंबरोच्या जुन्या, कोंदट वस्तीत मुद्दाम राहायला गेले, तिथल्या पडीक जागांत बागा करू लागले.

१९१४ मध्ये ते भारतात आले, तेव्हा इथली शहरसुधारणा म्हणजे बरीचशी पाडापाडीच होती. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था निघाली, आणि दाट वस्तीतून रुंद रस्ता काढला की काम झालं असा समज रुजला. घर गेलेली माणसं शेजारच्या बोळात आणखी दाटीनं राहत, हे नकाशावर कुठून दिसणार? गेडिस आधी बोळ न् बोळ पायाखाली घालत. अगदी मोडकळीला आलेली मोजकीच घरं उतरवायची आणि मोकळ्या झालेल्या जागेत झाडं लावून चार माणसं बसतील असा चौक करायचा, हा त्यांचा आग्रह. यात खर्चही कमी होता, म्हणून संस्थानांना तो पटावा.

बडोदा शहरासाठीचा त्यांचा अहवाल १९१६ मध्ये झाला. मग तुकोजीराव होळकरांच्या इंदूरनं त्यांना बोलावलं. गावात प्लेग होता. नकाशे घेऊन गल्लीबोळांतून हिंडणारा हा दाढीवाला गोरा म्हातारा दिसला की लोक घाबरत. प्लेग आणणारा साहेब तो हाच, म्हणत. त्यांच्याच हकीकतीनुसार, त्यांनी चक्क एका दिवसापुरते महाराजांचे अधिकार मागून घेतले आणि दवंडी पिटवली: यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेनं जाणार नाही, ज्या रस्त्यावर जास्तीत जास्त घरं झाडून-सारवून दुरुस्त केलेली असतील त्या रस्त्यानं जाईल. मग काय, गल्ल्यागल्ल्यांत चुरस लागली. गाड्या भरभरून कचरा निघाला. मिरवणुकीत सफाई कामगार पांढरेशुभ्र कपडे घालून, रंगवलेल्या गाड्यांसह मानानं चालले (मला त्या सगळ्या सोहळ्यात हेच सर्वांत मोठं वाटतं), आणि घाणीच्या राक्षसाच्या पुतळ्याबरोबर प्लेगच्या उंदराचा पुतळाही शेवटी जाळला. त्यानंतर लोक त्यांनाच प्लेग घालवणारा साहेब म्हणू लागले.

१९१८ चा त्यांचा अहवाल दोन खंडांचा आहे. पहिल्यात शहर आहे. दुसरा इंदूरसाठी सुचवलेल्या विद्यापीठावर आहे. ते इंदूरला मिळालं १९६४ मध्ये.