स्वस्त कॉम्बिनेशन स्क्वेअर आणि काटकोनाची परीक्षा

काटकोन खरा आहे की नाही हे तपासण्यासाठी दुसरा खरा काटकोन हाताशी असावाच लागतो, असे नाही. मापनाच्या फार थोड्या साधनांना ही सोय लाभलेली आहे आणि कमी किमतीत चांगला कॉम्बिनेशन स्क्वेअर, म्हणजे ठोकळ्यात सरकणारी पट्टी असलेला गुण्या, शोधणाऱ्याने तिचा पुरेपूर उपयोग करून घ्यायला हवा. सांगलीच्या गणपती पेठेत हार्डवेअरच्या दुकानात गेले, की दिसायला जवळजवळ सारखे, पण किमतीत कित्येक पटींनी वेगळे असे स्क्वेअर समोर येतात. वेष्टनावर छापलेल्या ‘अचूक’ या शब्दावरून त्यांतला फरक कळत नाही. एकाच कंपनीच्या दोन नगांमध्येसुद्धा फरक असू शकतो, म्हणून परीक्षा नावाची न करता हातातल्या नगाची करावी.

हे साधन अमेरिकेतील लॅरॉय स्टॅरेट यांनी घडवले. 1879 साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले आणि पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ॲथॉल या गावी त्यांनी स्वतःची कंपनी काढली. आपल्या सुताराच्या नेहमीच्या गुण्यात पट्टी ठोकळ्याला कायमची जखडलेली असते, तर स्टॅरेट यांनी ती सरकती केली. त्यामुळे काटकोन, 45 अंशांचा कोन, खाचेची खोली आणि कडेपासून ठरावीक अंतरावरची रेघ ही सगळी कामे एकाच साधनाने होऊ लागली. मात्र जो भाग सरकतो, तोच चुकीचे मूळही ठरू शकतो.

ठोकळ्याच्या आतील रचना डोळ्यांसमोर आणली म्हणजे हे स्पष्ट होते. पट्टीच्या एका अंगाला लांबभर एक चर असतो. त्या चरात आकड्यासारखे डोके असलेला बोल्ट अडकतो आणि त्या बोल्टावरची चाकी आवळली की तो पट्टीला ठोकळ्याच्या खाचेत खेचून धरतो. खाचेच्या तळाशी पट्टीची कड प्रामुख्याने दोन टोकांकडच्या टेकणांवर विसावते आणि संपूर्ण काटकोन त्या दोन छोट्या पृष्ठभागांच्या भरवशावर उभा असतो. टेकणांमधील अंतर 50 मिलिमीटर आहे असे धरू. त्यांपैकी एका टेकणावर 0.05 मिलिमीटर जाडीचा लाकडाचा भुसा अडकला, तर 300 मिलिमीटर लांबीवर ती चूक सहापट होऊन 0.3 मिलिमीटर होते. नवे साधन तपासण्यापूर्वी पट्टी बाहेर काढून खाच कोरड्या ब्रशने साफ करावी, असे मी आग्रहाने सांगतो. कारखान्यातून आलेले तेल आणि धातूचा कीस तिथे हमखास सापडतो, आणि चांगले साधन निव्वळ त्या कचऱ्यामुळे नापास होऊ शकते.

आता मुख्य परीक्षा. प्लायवूडचा किंवा एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा) सरळ कडेचा एक तुकडा घ्यावा. त्याची कड खरोखर सरळ आहे ना, हे आधी पाहावे, कारण कड फुगीर असेल तर पुढचे सगळे निष्कर्ष फसवे ठरतात. मग ठोकळा कडेला घट्ट टेकवून धारदार चाकूने एक रेघ ओढावी, ठोकळा पालथा करून पट्टी त्याच रेघेच्या सुरुवातीला आणावी आणि दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा शेवटपर्यंत एकमेकींवर राहिल्या, तर कोन 90 अंशांचा आहे. त्या फाकल्या, तर टोकाजवळच्या अंतराचा निम्मा भाग ही खरी चूक होय, कारण पालथे करताना तीच चूक एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे मोजली जाते. म्हणजे 200 मिलिमीटरच्या रेघेअखेर 0.2 मिलिमीटर फट दिसली, तर साधनाची चूक 0.1 मिलिमीटर आहे.

हे दुप्पट होणे आपल्या डोळ्याच्या मर्यादेवर मात करते. निरोगी डोळ्याला साधारण 1 मिनिट कोनाइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका, तपशील वेगळा दिसतो. 30 सेंटिमीटरवरून पाहताना हे अंतर सुमारे 0.09 मिलिमीटर भरते, म्हणजे साध्या झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीच्या आसपास. चूक दुप्पट होऊन समोर येत असल्यामुळे 0.05 मिलिमीटरच्या जवळपासची चूकही या पद्धतीने हाती लागते. शिसपेन्सिलीची जाड रेघ मात्र हा सगळा फायदा घालवते.

ही परीक्षा एकदा करून थांबू नये. चाकी सैल करून पट्टी पुढेमागे सरकवावी, पुन्हा आवळावी आणि पुन्हा रेघा ओढाव्यात. माझ्या मते स्वस्त साधनाचा खरा कस इथेच लागतो. दर वेळी एकाच दिशेने तेवढेच चुकणारे साधन दुरुस्त करता येते. दर वेळी वेगळे उत्तर देणारे साधन दुकानातच ठेवावे.

सुतारकामाला किती अचूकता पुरते, हे लाकडाच्या स्वभावावर ठरते. पूर्ण ओले सागवान पूर्ण वाळेपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे 5.8 टक्के आकसते, म्हणजे ओलावा 1 टक्क्याने बदलला की रुंदी ढोबळमानाने 0.2 टक्के बदलते. एप्रिलच्या कोरड्या उन्हात मिरजेच्या एखाद्या कारखान्यात कापलेल्या 300 मिलिमीटर रुंद फळीतील ओलावा पावसाळ्यात 3 टक्क्यांनी वाढला, तर ती फळी सुमारे पावणेदोन मिलिमीटर फुगेल. तरीही तिचा काटकोन बिघडत नाही. लाकूड रुंदीत फुगते, पण लांबीत जवळजवळ बदलत नाही, आणि आयताची एक बाजू वाढली तरी आयताचे कोपरे काटकोनातच राहतात. 45 अंशांच्या कापाला हे लागू पडत नाही. वरच्याच उदाहरणात तो कोन सुमारे 10 मिनिटांनी वाढतो, आणि तसे दोन तुकडे जोडून केलेल्या चौकटीचा सांधा पावसाळ्यात बाहेरच्या टोकाकडे उघडू लागतो. अशा वेळी गुण्याला दोष देणे चुकीचे आहे. या हिशेबाने 300 मिलिमीटरला 0.1 मिलिमीटरपर्यंतची चूक लाकडाच्या कामात खुशाल चालवून घ्यावी; लोखंडकामासाठी लागणाऱ्या त्याहून सूक्ष्म अचूकतेचे पैसे सुताराने मोजण्याची गरज नाही.

पैसे खर्च करायचेच असतील, तर ते ठोकळ्याच्या धातूवर करावेत. बिडाचे ओतकाम सांगली जिल्ह्याला नवे नाही. 1910 साली वसलेल्या किर्लोस्करवाडीत बिडाचे नांगर तयार होत असत आणि झिजेला बीड कसे पुरून उरते, हे इथल्या जुन्या कारागिरांना सांगावे लागत नाही. स्वस्त ठोकळे पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूचे किंवा ॲल्युमिनियमचे असतात आणि त्यांची टेकणे लवकर झिजतात. खिशात छोटे चुंबक ठेवले, तर उलगडा लगेच होतो, कारण बिडाला ते चिकटते आणि जस्ताला किंवा ॲल्युमिनियमला चिकटत नाही. पट्टीवरच्या खुणा कोरलेल्या असाव्यात, छापलेल्या नसाव्यात. ठोकळ्यातील पाणसळीची नळी आणि बुडाशी खोचलेली आखणीची सुई यांच्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. पहिलीच खरेदी असेल तर 150 मिलिमीटरचा स्क्वेअर घ्यावा, असे माझे मत आहे. सांध्यांच्या आखणीला तो पुरतो आणि हातात नीट बसतो.

45 अंशांची बाजूही दुकानातच पाहावी. सरळ कडेवरून एक रेघ डावीकडून आणि एक उजवीकडून अशी ओढावी, की दोन्ही एकमेकींना छेदतील. त्यांच्यातील कोन आधी पास झालेल्या 90 अंशांच्या बाजूने ताडून पाहावा. इथेही चूक दुप्पट होऊनच दिसते.

थोडी चूक निघाली, तर बारीक कानशीने टेकण घासून ती काढता येते. पट्टीच्या कडेला काळ्या मार्करची शाई लावून ती आवळली, की टेकण नेमके कुठे घासते ते दिसते. पट्टीचे टोक चाकीच्या बाजूला झुकवायचे असेल, तर ठोकळ्याच्या काटकोनी कडेजवळचे टेकण घासावे. उलट दिशेला झुकवायचे असेल, तर लांबचे. दोन-तीन हलके हात मारले, की पुन्हा रेघा ओढून पाहाव्यात. मात्र दोन्ही कोन त्याच टेकणांवर अवलंबून असल्यामुळे कानस चालवली, की 90 आणि 45 हे दोन्ही कोन सारख्याच प्रमाणात हलतात. दोन्हीकडची चूक एकाच दिशेची आणि जवळपास सारखी असेल, तरच हा उपाय लागू पडतो; तशी नसेल, तर तो नग परत करून दुसरा मागावा.